इच्छापरिमाण आणि विशलिस्ट

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात व्यापारी घरांमध्ये दोन याद्या एकाच वेळी तयार होत असतात. एक पेढीवर, शिल्लक मालाची. कोणते नग हलले, कोणते दोन हंगाम तसेच पडून आहेत, कोणत्या मालात रक्कम अडकली, याचा ती चोख हिशेब देते. दुसरी यादी त्याच घरातील तरुणांच्या, आणि आता तरुण नसलेल्यांच्याही, मोबाइलमध्ये वाढत असते. बिनतारी इअरफोन, हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, भिंतीवर चित्रपट दाखवणारा प्रोजेक्टर, खेळांचा कन्सोल, टॅबलेट, टॅबलेटसाठी पेन, गॉगल, नव्या फोनला साजेसे कव्हर आणि दोन-तीन मनोरंजन सेवांची वार्षिक वर्गणी. तिला विशलिस्ट म्हणतात. पेढीवरची यादी आखूड व्हावी म्हणून सारे घर झटते. दुसरी यादी लांबली तर मात्र कोणाला चिंता वाटत नाही. तीत अजून पैसा गुंतलेला नाही, असा समज असतो.

हा समज व्यापाऱ्याच्याच नजरेने तपासून पाहण्यासारखा आहे. एखादा ग्राहक दुकानात येऊन आपल्याला कोणती वस्तू हवी, कोणत्या रंगाची हवी, कोणत्या किमतीपर्यंत परवडेल, हे सारे कागदावर लिहून तो कागद गल्ल्यावर ठेवून गेला, तर कोणताही दुकानदार त्याला बोलावून चहा पाजील. विशलिस्ट हा असाच कागद होय. वस्तूच्या चित्राशेजारच्या चिन्हावर बोट टेकवले की विक्रेत्याला मागणी कळते, आणि मग भाव उतरल्याचा संदेश येतो, थोडेच नग उरल्याचा इशारा येतो, तीच वस्तू प्रत्येक बातमीच्या कडेला डोकावू लागते. बाजारात ज्याला गरजू गिऱ्हाईक म्हणतात ते येथे आपण होऊन आपली ओळख पटवते. भाव करण्याची विद्या ज्या घराण्यात चार पिढ्या मुरली आहे, त्या घराण्यातील मुलाने सौदा सुरू होण्यापूर्वीच आपली निकड सांगून टाकावी, ही मौजेचीच गोष्ट म्हणायची.

इच्छांची यादी कशी वाढते, याचे चित्र जैन वाङ्मयात फार जुने आहे. उत्तराध्ययन सूत्राचे आठवे अध्ययन कपिलाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यावरील टीकांमध्ये त्याची कथा येते. कौशांबीचा हा ब्राह्मणपुत्र विद्येसाठी श्रावस्तीला आला आणि तेथे एका दासीच्या प्रेमात गुंतला. सणाच्या निमित्ताने तिला थोडे द्रव्य हवे होते. नगरातील एक धनिक पहाटे प्रथम आशीर्वाद देणाऱ्यास दोन मासे सोने देत असे. बारा माशांचा तोळा या अलीकडच्या हिशेबाने हे सोने दोन ग्रॅमपेक्षाही किंचित कमी भरते. आपल्या आधी कोणी पोहोचू नये म्हणून कपिल मध्यरात्रीच निघाला आणि चोर समजून पकडला गेला. राजापुढे उभे केल्यावर त्याने खरे ते सांगितले. राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, हवे ते माग. कपिलाने विचार करण्यासाठी वेळ मागून घेतला व तो उपवनात जाऊन बसला.

पुढचा प्रसंग लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. उपवनात दुकान नव्हते, जाहिरात नव्हती, शेजारी कोणी आपली नवी वस्तू मिरवीत नव्हते. तरीही दोन माशांनी सुरू झालेली यादी शंभर सुवर्णमुद्रांवर गेली, तेथून हजारावर, लाखावर, कोटीवर, आणि अखेर राजाचे राज्यच मागावे इथवर पोहोचली. प्रत्येक पायरीवर कारण मात्र सबळ होते: वस्त्रे झाली तर अलंकार नकोत काय, अलंकार झाले तर घर नको काय, घर झाले तर वाहन व सेवक नकोत काय? ज्याला आज ‘ॲक्सेसरी’ म्हणतात, म्हणजे मूळ वस्तूमागून येणारी पूरक वस्तू, तिचेच हे तर्कशास्त्र आहे. फोन आला की कव्हर, काचेचा पडदा, जलद चार्जर, गाडीतील धारक, प्रवासातील बॅटरी. कपिलाला आपल्याच मनाचा हा वेग दिसला आणि तो विरक्त झाला. सर्वसामान्य गृहस्थाकडून तेवढ्या वैराग्याची अपेक्षा शास्त्रानेही केलेली नाही. त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे.

त्या व्यवस्थेचे नाव या विषयाला अगदी चपखल बसते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रहपरिमाण या नावाने सर्वांना परिचित आहे; आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे आणखी एक नाव दिले आहे, इच्छापरिमाण. म्हणजे मोजायच्या त्या केवळ वस्तू नव्हेत, त्या वस्तूंविषयीच्या इच्छाही मोजायच्या. विशलिस्टमधील वस्तू घरात आली नाही तोवर परिग्रह झाला नाही, ही पळवाट या नावानेच बुजवली आहे. तत्त्वार्थसूत्रही परिग्रहाचे मूळ वस्तूत न सांगता मूर्च्छेत, म्हणजे मनाच्या आसक्तीत सांगते.

हे व्रत घेतलेल्या गृहस्थाची प्रत्यक्ष यादी आगमात जतन झालेली आहे. उपासकदशांग या सातव्या अंगाचे पहिले अध्ययन वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे आहे. आनंद दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्ण भांडारात, चार कोटी व्यापारवृद्धीत आणि चार कोटी घरदाराच्या पसाऱ्यात अशी त्याच्या संपत्तीची वाटणी होती. राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर-जंगम यांचा हा समतोल आजच्या कोणत्याही ताळेबंदात शोभून दिसेल. शिवाय प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळे, पाचशे नांगरांची जमीन, दूरच्या प्रवासासाठी पाचशे गाड्या आणि जवळच्या मालवाहतुकीसाठी आणखी पाचशे. भगवान महावीरांसमोर त्याने व्रते घेतली तेव्हा यातील काही टाकून दिले नाही. जे आहे ते एवढेच, याच्यापुढे नाही, अशी रेघ त्याने ओढली. व्यापार बंद केला नाही. पुढे चौदा वर्षे तो श्रावकधर्म पाळीत संसारात राहिला आणि पंधराव्या वर्षी ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपवून पौषधशाळेत गेला.

संपत्तीच्या परिमाणानंतर येते ती नित्य वापरातील वस्तूंची यादी. ती अंग पुसण्याच्या वस्त्रापासून सुरू होते. सुगंधी, तांबूस रंगाचे एक वस्त्र ठेवून बाकी सर्व वर्ज्य. दातवण ओल्या ज्येष्ठमधाचे. अभ्यंगासाठी शतपाक आणि सहस्रपाक ही दोनच तेले. उटणे गव्हाच्या सुगंधी पिठाचे. स्नानाला आठ घडे पाणी. वस्त्रांत क्षौमवस्त्रांची एक जोडी, विलेपनात अगरू, कुंकुम व चंदन. फुलांत शुभ्र कमळ आणि मालतीची माळ. अलंकारांत फक्त कर्णभूषणे आणि नाव कोरलेली अंगठी. भात कलम जातीच्या तांदळाचा, तूप शरद ऋतूतील गाईचे, भाज्यांत वास्तुक म्हणजे चाकवत आणि आणखी दोन. यादी संपते ती मुखवासाच्या सुगंधी तांबूलाशी.

ही यादी वाचताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, तीत रुक्षपणा मुळीच नाही. सहस्रपाक तेल ही काही गरिबाची वस्तू नव्हे. आनंदाने उत्तम वस्तू ठेवली, परंतु प्रकार मोजून ठेवले. म्हणून घरातील मुलाने चांगले घड्याळ मागितले तर त्याला व्रताचा धाक दाखवण्याचे कारण नाही. हातात एक चांगले घड्याळ असताना पोशाखागणिक चार घड्याळे यादीत आली, तर मात्र आनंदाची अंगठी आठवावी. दुसरी गोष्ट म्हणजे परिमाण टोचावे इतके घट्ट असावे लागते. काही जण नियम घेताना आपल्या संपत्तीच्या दसपट आकडा सांगतात, जेणेकरून आयुष्यात कधी त्या रेघेला पाय लागू नये. क्रेडिट कार्डाची मर्यादा बँक ठरवते आणि ती वाढली की अभिनंदनाचा संदेश येतो. परिमाणाची मर्यादा स्वतः ठरवायची असते आणि ती वाढवल्याबद्दल कोणी अभिनंदन करीत नाही.

शास्त्रकारांनी व्रताबरोबर अतिचारही सांगितले, म्हणजे व्रत मोडले नाही पण त्याला तडा गेला अशी स्थाने. नव्या वस्तूंच्या संदर्भात हे अतिचार चकित व्हावे इतके ताजे वाटतात. शेत-घर, सोने-रुपे, धन-धान्य, दास-दासी यांच्यासह ‘कुप्य’ असा एक वर्ग परिग्रहात धरला आहे. वस्त्रे, भांडी, घरसामान असा किरकोळ वाटणारा सारा पसारा त्यात येतो. फोन आणि हेडफोन यांचे स्थान येथेच. लोक जमिनीचे व सोन्याचे परिमाण काळजीपूर्वक घेतात आणि कुप्य विसरतात. अनर्थदंडविरमण व्रताचा एक अतिचार तर गरजेहून अधिक उपभोगसामग्री जमवून ठेवणे हाच आहे. समंतभद्रांनी परिग्रहपरिमाणाच्या अतिचारांत ‘विस्मय’ हा शब्द घातला आहे. दुसऱ्याचे वैभव वा लाभ पाहून मनाची होणारी चलबिचल, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. नवी वस्तू खोक्यातून बाहेर काढतानाचे व्हिडिओ तासन्‌तास पाहिले जातात. पाहणाऱ्याने काही विकत घेतलेले नसते, आणि तरीही काहीतरी घडलेले असते, त्याला हा शब्द पुरतो.

अतिचारांचा हा विषय निघालाच आहे तर दोन अवघड गोष्टीही सांगायला हव्यात. नामांकित घड्याळाची वा पिशवीची हुबेहूब नक्कल बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळते आणि ती हौसेने घेतली जाते. अस्सल म्हणून नकली वस्तू चालवणे, याला अचौर्यव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार असे नाव आहे. विकणाऱ्यालाच दोष लागतो आणि मनगटावर मिरवणाऱ्याला लागत नाही, असे मानणे कठीण आहे. दुसरी गोष्ट अधिक घरगुती. मुलाचा टॅबलेट किंवा बैठकीतील मोठा दूरदर्शन संच पेढीच्या नावाने बिल करून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, कारण त्यावरील वस्तू व सेवा कराचा परतावा घेता येतो. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर असा परतावा मिळत नाही, हे कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी, सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. वहीपूजनाच्या दिवशी ज्या वहीवर स्वस्तिक काढायचे, तिच्यात ही नोंद असते.

आता हिशेबाकडे वळू. विशलिस्टमधील वस्तू घरात येण्याचा आजचा राजमार्ग म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’. साठ हजारांचा फोन, सहा हप्ते, प्रत्येक हप्ता दहा हजार, एकूण साठ हजारच, व्याज नाही. व्यापारी माणसाने येथेच विचारायला हवे की, सहा महिने कोणाचा तरी पैसा वापरला तर त्याचे व्याज गेले कोठे? २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज प्रक्रियाशुल्कासारख्या रूपाने दडवले जाते. तेव्हापासून रचना बदलली. व्याज आकारले जाते, आणि तेवढ्याच रकमेचा वटाव विक्रेता किंवा उत्पादक आधी देतो.

वार्षिक १६ टक्के दर धरला तर दहा हजारांच्या सहा हप्त्यांत फिटणारे कर्ज सुमारे ५७,३०० रुपयांचे होते. फरक सुमारे २,७०० रुपये, आणि हेच व्याज. क्रेडिट कार्डावरील व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो सुमारे ४८६ रुपये होतो आणि ग्राहकाने भरायचा असतो. त्यावर १९९ रुपयांचे प्रक्रियाशुल्क व त्यावरील कर धरला तर सुमारे २३५ रुपयांची भर पडते. म्हणजे बिनखर्ची हप्त्याचा खर्च सातशेच्या वर जातो. रक्कम डोळे विस्फारण्याजोगी नाही, हे मान्य. परंतु विक्रेत्याने जो २,७०० रुपयांचा वटाव दिला, तो रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळू शकला असता काय, हा प्रश्न विचारायला व्यापाऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नसावी. रोखीने घेणाऱ्याला कसर सोडण्याची रीत बाजारात फार जुनी आहे.

खरा धोका पुढे असतो. एक हप्ता साधला की दुसरी वस्तू, मग तिसरी. हप्ते लहान असल्यामुळे त्यांची बेरीज कोणी करीत नाही. कार्डाचे पूर्ण देयक न भरता केवळ किमान रक्कम भरली की उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही पुढे व्याज चढू लागते, आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी दिवसांची सवलतही जाते. व्यापारासाठी अशा दराने कोणी रक्कम उचलली तर बाजार त्याची पत संपली असे समजेल. शिवाय वस्तूंसाठी घेतलेले प्रत्येक लहान कर्ज क्रेडिट अहवालात स्वतंत्र खाते म्हणून उमटते. पुढे पेढीच्या कॅश क्रेडिट मर्यादेचे नूतनीकरण होते तेव्हा भागीदारांचे व्यक्तिगत अहवालही पाहिले जातात. हेडफोनचा विसरलेला हप्ता तेथे घराच्या पतीआड येतो. आजोबांनी शब्दावर लाखोंची उधारी मिळवली आणि नातवाच्या नावापुढे दोन हजारांच्या हप्त्याची थकबाकी दिसली, ही केवळ कल्पनेतील गोष्ट राहिलेली नाही.

ज्या वस्तूंसाठी हे सारे, त्यांचा घसारा किती, हेही पाहावे. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. एक लाखाचा लॅपटॉप वर्षाने पुस्तकात ६०,००० चा, दोन वर्षांनी ३६,००० चा, तीन वर्षांनी २१,६०० चा. हा दर कामाच्या वस्तूचा आहे, आणि ती वस्तू दरम्यान कमावते. न कमावणाऱ्या वस्तूचा उतार तितकाच तीव्र असून समोर उत्पन्नाची बाजू कोरी असते.

मनोरंजनाचा खर्च वस्तूंहून निराळा. तो दिसतच नाही. दरमहा १९९ रुपयांच्या चार वर्गण्या असल्या तर महिन्याला ७९६ आणि वर्षाला ९,५५२ रुपये खात्यातून निघून जातात. यांतील दोन कोणी पाहत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असते. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आवर्ती रक्कम कार्डावरून वळती होण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना येते, आणि ती परवानगी रद्द करण्याची सोय असते. हा संदेश बहुतेक जण न वाचता पुसतात. महिन्यातून एकदा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू असलेल्या परवानग्यांची यादी उघडणे, हे रोजमेळ तपासण्याइतकेच साधे काम आहे. अनेकांना तेथे दोन वर्षांपूर्वीची एखादी विसरलेली वर्गणी सापडेल.

पैशापेक्षा वेळेचा जमाखर्च मोठा आहे, आणि त्याबाबत सांगली जिल्ह्यातील एका गावाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील मोबाइल व दूरदर्शन बंद ठेवले जातात, मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून. हा गावाने केलेला नियम आहे, धार्मिक व्रत नव्हे. पण चौदा नियम धारण करणाऱ्या घरांना त्याचा आशय परका वाटू नये. द्रव्य, वस्त्र, वाहन, शयन, पादत्राण, दिशा अशा चौदा बाबींचे परिमाण सकाळी ठरवायचे आणि सायंकाळी त्याचा आढावा घ्यायचा, ही परंपरा आजही ज्येष्ठांकडे आहे. वाहन किती वापरीन हे ज्यात मोजता येते, त्यात पडद्यासमोर किती वेळ बसेन हे मोजायला अडचण कोणती?

येथे एक न्याय्य आक्षेप येऊ शकतो. यंत्रे म्हणजे केवळ मोह, असे म्हणणे खरे नाही. मुंबईतील राजाबाई टॉवर पाहावा. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाच्या आवारातील हा घड्याळाचा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. त्यांना दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता. घंटेच्या नादावरून त्यांना वेळ कळावी, अशी आख्यायिका सांगितली जाते. आपल्या काळातील अत्यंत महागडे यंत्र एका व्रताच्या सोयीशी जोडले गेले, आणि ते साऱ्या शहराच्या उपयोगी पडले. सामायिकासाठी ठेवली जाणारी अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळूची घडी हेही यंत्रच. ती उलटी केली की एवढेच काम करते. तेच काम मोबाइलचे ॲप करते, परंतु त्याच फोनवर एकविसाव्या मिनिटाला भाव उतरल्याचा संदेशही येतो. म्हणून वाळूची घडी तीनशे-चारशे रुपयांना मिळत असेल तर ती या हंगामातील सर्वोत्तम खरेदी ठरावी.

याच कसोटीवर घरातील आणखी एक रिकामी जागा दिसते. विशलिस्ट ज्याला फोन हाताळता येतो त्याची असते. व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसूनही ज्या आजीला निम्मे ऐकू येत नाही, तिची श्रवणयंत्राची इच्छा कोणत्याच यादीत नसते. ती स्वतः म्हणेल, आता या वयात कशाला. चांगल्या श्रवणयंत्राची किंमत उत्तम फोनइतकी होऊ शकते, आणि बहुतेक वेळा त्या दोहोंत फोन जिंकतो.

वस्तू घ्यायचीच ठरली तर तिच्या घडणीकडे पाहणे ही जैन घराची स्वाभाविक सवय असायला हवी. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका शोधणारी नजर घड्याळाच्या पट्ट्याशी येऊन मात्र मिटते. अनेक महागड्या घड्याळांचे पट्टे वासराच्या चामड्याचे असतात आणि वर्णनात तसे लिहिलेलेही असते. काही तबकड्यांवर शिंपल्याचा थर असतो. तरुणांत पुन्हा रुजू लागलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात जी फिल्म लागते, तिच्यावरील थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून मिळते. धातूचा, कापडाचा किंवा सिलिकॉनचा पट्टा बहुतेक ठिकाणी मिळतो. आणि जुनी वस्तू? कपाटाच्या खणात तीन-चार मृत फोन नसलेले घर विरळा. फुगलेली बॅटरी आग लावू शकते, आणि भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणीकृत संस्थेकडे तो देता येतो. नव्या वस्तूची यादी करताना जुनीची वाट कोणती, ही नोंद शेजारीच असावी.

अशी नोंद ठेवण्याची सोय व्यापारी घरात तयारच असते. वहीचे एक पान पुरे. इच्छा झाली ती तारीख, वस्तू, किंमत, घरात त्याच कामाची दुसरी वस्तू आहे काय, आणि महिन्यानंतर त्याच इच्छेचे काय झाले. महिन्याने बऱ्याच ओळी आपोआप खोडल्या जातात, कारण ती वस्तू हवी होती हेच आठवत नाही. ज्या उरतात त्यांतील एखादी रोखीने, बिल घेऊन, आनंदाने घ्यावी. वर्षाच्या सुरुवातीला कुप्याचा आकडा ठरवला असेल तर त्यातून ती वजा करावी.

मात्र हे पान ज्याचे त्याने लिहायचे आहे. वडिलांनी मुलाच्या वस्तूंवर रेघ ओढायची आणि स्वतःची नवी मोटार व्यवसायाची गरज म्हणून बाजूला काढायची, किंवा सासूने सुनेच्या पर्सेस मोजायच्या आणि आपल्या साड्या मोजायच्या नाहीत, यातून परिमाण होत नाही, कलह होतो. आनंद श्रावकाने हे टाळले. व्रते घेऊन तो घरी परतला तेव्हा त्याने पत्नी शिवानंदेला आपली यादी वाचून दाखवून ती लागू केली नाही. मी धर्म ऐकला, मला तो रुचला. तूही जाऊन ऐक आणि स्वतः व्रते ग्रहण कर, एवढेच त्याचे सांगणे होते. शिवानंदा रथ जोडून भगवंतांकडे गेली आणि तिने बारा व्रते घेतली. आनंदाची यादी दातवणापासून तांबूलापर्यंत आगमात नोंदलेली आहे. शिवानंदेची नोंदलेली नाही. तिने काय राखले आणि काय सोडले, ते तिच्यापाशीच राहिले.